ओसरीची किल्ली

माझी आई जाईपर्यंत तिला कळलं नाही की मी नेमकं काय काम करते. पॉलिटेक्निकमध्ये प्रयोगशाळा सहायक, एवढं तिनं पाठ केलं होतं. पण कॉलेज सुटल्यावर आणि रविवारी मी पडेगावला भानुदास सरांच्या घरी जाऊन काय करते, हे तिला कुणाला सांगता यायचं नाही. भावसिंगपुऱ्यातल्या शेजारणी विचारायच्या. ती म्हणायची, "मेलेले कॉम्प्युटर उठवती आमची शोभा. आन् ते बी फुकट." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

या अंकासाठी कामाबद्दल लिहा असा निरोप आला तेव्हा मी नोकरीबद्दल लिहायला घेतलं होतं. दोन पानांत नोकरी संपली. हजेरी, दुरुस्ती, परीक्षा, पुन्हा हजेरी. सांगण्यासारखं जे आहे ते ओसरीबद्दल आहे, आणि ओसरीचं नाव आता फारसं कुणाला माहीत नाही.

कॉम्प्युटर सुरू केल्यावर सगळ्यात आधी जे जागं होतं आणि ज्याच्या आधारानं बाकीचे प्रोग्रॅम चालतात, ती ऑपरेटिंग सिस्टीम. एक विकतची असते, तिच्या आत काय आहे ते आपल्याला बघता येत नाही. दुसरी खुली असते. जगभरच्या लोकांनी ती लिहिलेली आहे, कुणीही आत बघावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. फक्त ती एकगठ्ठा कुठं ठेवलेली नसते. हजारो तुकडे हजार ठिकाणी पडलेले असतात. ते निवडायचे, मूळ मजकुरापासून प्रत्येकाचा चालता प्रोग्रॅम तयार करायचा, ते एकमेकांशी भांडत नाहीत ना ते बघायचं आणि मग लोकांपर्यंत पोचवायचे. असा जुळवून दिलेला संच म्हणजे डिस्ट्रिब्यूशन. आम्ही त्याला मराठीत वितरण म्हणायचो आणि लोकांना वाटायचं आम्ही विजेच्या मीटरचं काहीतरी करतो.

बहुतेक मंडळी एखादं मोठं वितरण घेतात, चित्रं बदलतात आणि आपलं नाव देतात. त्यात वाईट काही नाही. भानुदास सरांनी मात्र तसं केलं नाही. त्यांच्या वितरणाचं नाव ओसरी, आणि पहिल्या तुकड्यापासून शेवटच्या तुकड्यापर्यंत तिची सगळी बांधणी त्यांनी स्वतः केली. का, म्हणून मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "दुसऱ्याचं घेतलं की त्यानं उद्या जुन्या मशीन सोडून दिल्या तर आपल्यालाबी सोडाव्या लागत्यात. आपल्याकडं जुन्याच तर हायेत."

सर खरं तर सर नव्हतेच. आमच्या लॅबमध्ये मेकॅनिक होते. मी नोकरीला लागले तेव्हा कीबोर्ड उघडून धुवायचा कसा हे त्यांनी शिकवलं, म्हणून मी सर म्हणायला लागले आणि तेच नाव चिकटलं. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती. पडेगावच्या पुढं दौलताबादच्या रस्त्याला जो माळ होता, त्यावर ती चरायची. सरांच्या देखत त्या माळावर चुन्याच्या रेघा पडल्या, प्लॉट झाले, कॉलन्या उठल्या. वडिलांनी मेंढरं विकली आणि त्याच कॉलनीच्या पहिल्या बंगल्यावर वॉचमन म्हणून राहिले. सर याबद्दल कधी तक्रारीनं बोलले नाहीत. फक्त एखादी वस्तू मोडीत काढताना त्यांचा हात रेंगाळायचा, ते मी बघितलंय.

कॉलेजनं एका वर्षी जुने कॉम्प्युटर निर्लेखित केले, म्हणजे कागदोपत्री मोडीत काढले. मागच्या शेडमध्ये ढीग लागला. तालुक्याच्या शाळांकडून मागणी होती, पण बाजारातली नवी सिस्टीम त्या मशीनवर चालायची नाही. सरांनी घरी दोन मशीन नेल्या आणि कामाला लागले. दीडेक वर्षानं एका सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. ढिगातली एक मशीन सुरू झाली आणि पडद्यावर मराठीत महिना, वार, तारीख उमटली. केसरकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या होत्या. त्या पडद्याकडं बघून म्हणाल्या, "वार बरोबर हाय."

तेव्हापासून बांधणी सरांची आणि मराठी माझं. पडद्यावरचं प्रत्येक वाक्य मी लिहायची. वापरणाऱ्यांचे फोन आणि पत्रंही माझ्याकडं. पैठणच्या एक विणकर बाई होत्या, पदरावरच्या मोरांची नक्षी आधी कॉम्प्युटरवर चौकटी भरून काढायच्या. त्यांचा फोन आला, "बाई, मोर पाठमोरा छापतोय." तीन दिवस आम्ही प्रिंटरचा प्रोग्रॅम उकरला. शेवटी कळलं की त्या पारदर्शक कागद उलटा घालत होत्या. कन्नडचे एक निवृत्त हेडक्लार्क दर सोमवारी फोन करून माझ्या शुद्धलेखनाच्या चुका सांगायचे. त्यांनी ओसरी कशासाठी वापरली हे मला कधीच समजलं नाही. बहुधा चुका काढण्यासाठीच.

मग सलग दुष्काळाची वर्षं आली. लोडशेडिंग इतकं की बांधणी पुरी होईना. एकेका मोठ्या तुकड्याला दोन-दोन दिवस लागायचे, मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. सर शांतपणे पुन्हा सुरू करायचे. गंगापूरकडच्या एका ग्रामपंचायतीत आमची मशीन होती, तिच्यावर टँकरच्या पाळ्यांची यादी असायची. कोणत्या गल्लीला कधी, किती. एक दिवस ती बंद पडली आणि गावात पाण्यावरून भांडणं सुरू झाली. सर एसटीनं गेले, मीही सोबत गेले. खोकं उघडलं तर आत पाल मरून पडली होती. सरांनी ती काढली, एक भाग बदलला, यादी जशीच्या तशी वर आली. बायका दारातून वाकून आपापली पाळी बघून गेल्या. एका बाईनं सरांना तांब्या भरून आणला. ऊन मरणाचं होतं, सकाळपासून आम्ही घोटभर प्यायलो नव्हतो. सरांनी तांब्याला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाले, "माय, आत्ताच चहा झालाय." चहा झालेला नव्हता. परत येताना एसटीत त्यांचे ओठ फुटले होते, पण चेहरा खूष होता. त्यांना एवढं खूष मी फार वेळा पाहिलं नाही.

आता किल्लीबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

गावोगावच्या मशीन इंटरनेटवरून आमच्याकडं नवे तुकडे मागायच्या. ते खरंच आमच्याकडून आले की मध्ये कुणी भलतं घुसवलं, हे मशीनला कळण्यासाठी प्रत्येक तुकड्यावर सही असते. शाईची नाही, गणिताची. ती सही ज्या फाईलनं होते तिला किल्ली म्हणतात. आमची किल्ली सरांच्या कॉम्प्युटरवर होती आणि ती उघडायला एक लांब वाक्य टाकावं लागायचं. ते वाक्य एकट्या सरांना माहीत होतं.

"सर, मला तरी सांगून ठेवा," मी म्हणायची.

"सांगतो. येवढी आवृत्ती निघू दे."

आवृत्त्या निघत राहिल्या. मीही लावून धरलं नाही. माझ्या नावानं दुसरी किल्ली करून ठेवायला अर्धा दिवस पुरला असता. खरं सांगायचं तर ओसरीवर सरांचीच सही असावी हे मला आवडायचं. यात माझी चूक आहे आणि ती मी कुणावर ढकलत नाही.

त्या उन्हाळ्यात शहरात नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं. नळाचा दिवस होता. सर बादल्या भरभरून गच्चीवरच्या टाकीत नेऊन ओतत होते. चौथ्या-पाचव्या खेपेला ते जिन्यात बसले ते उठलेच नाहीत. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सरकारी दवाखान्यातून तीन आठवड्यांनी घरी आणलं तेव्हा त्यांना सगळं कळत होतं. मानेनं हो-नाही सांगायचे. शब्द मात्र एकही नाही. नुसता घोगरा आवाज.

त्यानंतर महिना झाला असेल, तेवढ्यात एका नेहमीच्या वापरातल्या तुकड्यात मोठं भगदाड सापडल्याची बातमी आली. बाहेरच्या माणसाला त्यातून कुणाच्याही मशीनमध्ये शिरता आलं असतं. मोठ्या वितरणांनी दोन दिवसांत दुरुस्ती पाठवली. आमच्या मशीनवर शाळांतल्या मुलांची माहिती होती, पंचायतींचे दाखले होते. मी आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं बांधणी केली. पाच दिवस लागले, पण झाली. दुरुस्त तुकडा तयार होता. फक्त त्यावर सही नव्हती, आणि सहीशिवाय एकही मशीन तो घेणार नव्हती. मशीनना तसं वागायला आम्हीच शिकवलं होतं.

मी औरंगपुऱ्यातल्या दुकानातून बालवाडीचा वर्णमालेचा तक्ता आणला. सरांच्या बाजेशेजारी भिंतीला खिळा होता, त्याला अडकवला. कॉलेज सुटलं की रोज पडेगावला जायची, तक्त्याच्या बाजूला उभी राहायची.

"सर, वाक्याचं पहिलं अक्षर दाखवा."

त्यांचा डावा हात हळूहळू उचलायचा, थरथरत भिंतीपर्यंत जायचा. पहिल्या दिवशी तो ब वर टेकला. मग बराच वेळ हिंडून स वर. मग खाली पडला.

मला केवढा आनंद झाला. मी शेजारच्या खोलीत त्यांच्या कॉम्प्युटरपाशी जाऊन बसपासून सुरू होणारं जे सुचेल ते टाकून बघितलं. बसस्थानक. बसवराज. बसल्या जागी. दरवेळी पडद्यावर यायचं, "हे वाक्य बरोबर नाही." ते मराठी माझंच होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ब आणि स. तिसऱ्या दिवशीही. मी म्हणायची, "सर, हे कळलं. आता पुढचं." ते माझ्याकडं बघायचे आणि हात पुन्हा त्याच दोन अक्षरांवर न्यायचे. मी तक्ता जवळ घेतला, लांब धरला, अक्षरांवर बोट ठेवत गेले आणि मान हलवायला सांगितली. पंधरा दिवस असेच गेले. शेवटी शेवटी मी दारातून आत आले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मला दिसत होतं. मी म्हणायची, आज थोडंच, सर.

एक दिवस तिसऱ्या अक्षरासाठी मी त्यांचा हात मनगटाला धरून तक्त्यावर फिरवत होते. केसरकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या चौथी शिकलेल्या. कधी आवाज चढवून बोलल्या नव्हत्या, त्या दिवशीही नाही.

"शोभा, ते बस म्हणत्यात. बास कर, पुरं कर म्हणत्यात. येवढी शिकलेली तू, तुला येवढं कळंना व्हय?"

मी हात सोडला. सरांनी डोळे मिटले होते. मी बाहेर आले. चपला घातल्या आणि मुख्य रस्त्यावर येऊन रिक्षाची वाट बघत राहिले. बऱ्याच रिक्षा गेल्यावर लक्षात आलं की मी हातच करत नाहीये.

त्यानंतर मी त्या घरी गेले नाही. लाज वाटत होती, आणि काम होतं, असं दोन्ही म्हणते. किल्ली कायमची बंद झाली हे धरून मी नवी किल्ली केली, माझ्या नावाची. पण जुन्या मशीन नव्या सहीला ओळखत नव्हत्या. म्हणजे प्रत्येक मशीनपाशी स्वतः जाऊन पेनड्राईव्हनं ती ओळख घालून द्यायची. लांबच्यांना मी पेनड्राईव्ह आणि सूचना टपालानं पाठवल्या. जवळच्या गावांसाठी साठलेली सगळी रजा काढली आणि एसटीनं फिरायला लागले.

शाळांचे हातपंप कोरडे होते. मुलं घरून बाटलीत पाणी आणायची आणि दुपारपर्यंत ती बाटली मांडीवरून खाली ठेवायची नाहीत. पैठणला धरणाचा तळ उघडा पडला होता. विणकर बाईंनी मला जेवायला ठेवून घेतलं आणि सर का आले नाहीत म्हणून विचारलं. आजारी आहेत, म्हणाले.

काम सोपं होतं. नवी सही घातली की जुनी काढायची, कारण जी किल्ली मालकाच्या हाती राहिलेली नाही तिच्यावर मशीननं विसंबून राहू नये, हा नियम. काढताना पडद्यावर एक प्रश्न यायचा. "भानुदास यांच्या सहीवरचा भरवसा काढून घ्यायचा का? हो / नाही." ते वाक्यही मीच लिहिलेलं. मी आधी विश्वास लिहिलं होतं, सरांनी भरवसा करायला लावलं. म्हणाले होते, गावात विश्वास कुणी म्हणत नाही. गावामागून गाव मी हो दाबत गेले. पहिल्या काही ठिकाणी बोट अडखळलं. नंतर सवय झाली, आणि सवय झाली याचंच वाईट वाटायला लागलं.

पैठणच्या पुढं एका शाळेत होते. मुख्याध्यापिका बाजूला उभ्या होत्या, त्यांना कुलूप लावून घरी जायचं होतं. तोच प्रश्न पडद्यावर आलेला आणि माझा फोन वाजला. केसरकाकू.

"शोभा, गेले गं सर."

मी बरं म्हणाले. फोन खाली ठेवला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, काही अडचण आहे का?"

"नाही," मी म्हणाले, आणि हो दाबलं. मशीन तपासली, बंद केली, त्यांच्या वहीत सही केली. मग फाट्यावर येऊन उभी राहिले. गाडी दीड तासानं आली. पडेगावला पोचले तेव्हा माती उरकून माणसं परत आली होती आणि दारात पाय धुवत होती. पाणी जपून, एकेक तांब्या.

दहावा झाल्यावर एका दुपारी काकूंकडं गेले. घरात आम्ही दोघीच. बाज उभी करून भिंतीला लावली होती. तक्ता तिथंच होता.

काकू म्हणाल्या, "तू येईनाशीच झाली. ते दाराकडं बघायचे."

"काकू, तुम्हीच म्हणाला होता."

"मी इचारणं बंद कर म्हणले. येणं नाय."

काकूंनी पदरानं तक्त्यावरची धूळ पुसली. मग सांगायला लागल्या.

"तू गेल्यावर माझा भाऊ आला व्हता बघायला. तर त्याला बी तसंच. हात नेला, ब, मग स. मला वाटलं, ह्याला कशाला पुरं म्हणत्यात, ह्यानं तर काय इचारलं नाय. भाऊ दमला व्हता, बाजंच्या कडंला टेकला. तर लगेच हात खाली घेतला त्यांनी. हसले बी थोडं. मग पोष्टमन आला, त्याला तेच. शेजारची म्हातारी आली, तिला तेच. जो उभा ऱ्हाईल त्याला." त्या थांबल्या. "बस म्हणत व्हते गं. घरी आल्याला माणूस उभा हाय, त्याला बस म्हणत व्हते. बसा म्हणायला काना कुठनं आणतील? मलाच उलटं कळलं. मी तुला उलटं सांगितलं."

"नाही काकू," मी म्हणाले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी निदान सरांचं ऐकायचा प्रयत्न केला. मी वाक्य शोधत होते.

उरलेली गावं मी त्या वर्षात पुरी केली. नव्या सहीनं एक शेवटची आवृत्ती काढली आणि सगळ्यांना कळवलं की ओसरी आता थांबते आहे, अमुक महिन्यापर्यंत दुसरीकडं जा, कसं जायचं ते मी फोनवर सांगेन. एकटीनं ती चालवणं झालं नसतं, मी करून पाहिलं. लोकांनी चांगली पत्रं लिहिली. कन्नडच्या हेडक्लार्कांनी माझ्या निवेदनातल्या दोन चुका कळवल्या आणि खाली लिहिलं की त्यांची मशीन ते बदलणार नाहीत, आहे तशी चालू ठेवतील. सरांच्या कॉम्प्युटरवर ती जुनी किल्ली अजून आहे. ते वाक्य काय होतं हे मला माहीत नाही आणि आता मी शोधत नाही.

मला आठवतं ते एवढंच. पंधरा दिवस मी रोज तासभर त्यांच्या बाजेपाशी होते. शेजारी प्लास्टिकची खुर्ची होती, काकू रोज ती पुसून ठेवायच्या. मी तक्त्याजवळ उभी राहायची. एकदाही बसले नाही.